चुकायची नोकरी

मी एक जुना कापडी अस्वलोबा आहे. मोज्यासारखा हातात घालतात ना, तसला. बोट मानेत घातलं की माझं डोकं हलतं, अंगठा आणि करंगळी दोन बाह्यांत सरकवली की माझे पंजे टाळ्या वाजवतात. नावात ‘बा’ असला तरी माझ्या अकलेची कीर्ती काही फार चांगली नाही. मला धड मोजता येत नाही. लाल आणि हिरव्यात माझा गोंधळ उडतो. गोष्ट सांगायला बसलो तर शेवट आधी सांगतो आणि सुरुवात विसरून जातो.

मित्रांनो, हसू नका. मला ठेवलंय ते याच कामासाठी. चुका करणं ही माझी नोकरी आहे, आणि ती मी आजवर चोख बजावली आहे.

माझा जन्म एका तपकिरी कोटातून झाला. कोपरांवर विरलेला तो कोट बाईंच्या नवऱ्याचा. बाई म्हणजे शाळेतल्या बालवर्गाच्या शिक्षिका. कोट घालवत नव्हता आणि टाकवतही नव्हता, म्हणून एका सुट्टीच्या दुपारी बाईंनी शिवणयंत्र जेवणाच्या टेबलावर घेतलं आणि कात्री चालवली.

“अगं, माझा कोट!” नवरा दारातूनच ओरडला.

“तुमचा होता. आता याचा आहे.”

“मग निदान चेहरा तरी जरा हुशार कर त्याचा.”

“मुळीच नाही. हुशार चेहऱ्याची माणसं शाळेत पुष्कळ आहेत,” बाई दातांनी दोरा तोडत म्हणाल्या.

बटणांचा डबा त्यांच्या लहान मुलीकडे होता. तिने एक काळं बटण दिलं आणि एक निळं. बाईंनी दोन्ही मुकाट्याने शिवली. तेव्हापासून मी जगाकडे जरा गोंधळलेल्या डोळ्यांनीच पाहतो.

माझ्या कामाचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. बाई चटईवर बसल्या आणि मी त्यांच्या गुडघ्यावर उभा राहिलो. समोर चार बाहुल्या होत्या आणि तीन कप. मी एकेका बाहुलीपुढे कप ठेवला, पंजे झटकले आणि ऐटीत म्हणालो, “झालं! सगळ्यांना पुरले.”

वर्गात एकच गलका उठला. “ए अस्वलोबा, हिला कुठे दिलास?” “अरे, एक कमी पडला!” एक मुलगा तर उठून स्वतःचा पाण्याचा पेला घेऊन आला आणि त्याने तो चौथ्या बाहुलीपुढे ठेवला.

सगळी मुलं माझ्याकडे पाहत होती. बाई मात्र मुलांकडे पाहत होत्या. कोण न मोजता ओरडलं, कोणी आधी फ्रॉकखाली बोटांवर मोजलं, कोण शेजाऱ्याचं ऐकून ओरडलं आणि कोण अजून त्या तीन कपांकडेच टक लावून बसलं आहे, हे सगळं त्यांची नजर टिपत होती. कोणाला काय येतं हे त्यांना असं समजे. ‘सांग, किती?’ असं विचारलं की लहान मूल पायाच्या अंगठ्याकडे बघतं. पण समोर कोणी धडधडीत चुकलं की त्याच मुलाला गप्प राहवत नाही. माणसाचा स्वभावच आहे तो, लहानपणापासून असतो.

पुढे या खेळाचे नियम ठरले. जो माझी चूक पकडेल, त्याने मला हातात घालायचं आणि निळ्या स्टुलावर बसायचं. मग बाकीच्यांनी “सांग बघू” म्हणत विचारायचं आणि स्टुलावरच्याने प्रत्येक उत्तर चुकीचं द्यायचं. चुकून खरं उत्तर तोंडून गेलं की तो बाद, पुन्हा चटईवर. मित्रांनो, करून पाहा. वाटतं तितकं सोपं नाही. बरोबर उत्तर जिभेच्या टोकावर बसलेलं असतं आणि त्याला गिळून भलतंच बोलायचं असतं.

आणि गोष्टी! एका बदकाने तळ्याकाठी घर बांधलं, ही माझी आवडती गोष्ट. मी सांगायचो, “बदक घरात गेलं, मऊ बिछान्यावर झोपलं, आणि सकाळी उठून त्याने विटा आणल्या.” मग कोणीतरी कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. “अरे, विटाच नव्हत्या तर ते झोपलं कुठे?” बाईंची मान हळूच डोलायची. त्या मुलाला आधी काय आणि मग काय हे कळू लागलंय, ही पावती होती ती. मूल शेजारच्याच्या बिस्किटातला अर्धा तुकडा तोडत बसलेलं असायचं; आपली परीक्षा झाली याचा त्याला पत्ताही नसायचा.

अशी कितीतरी मुलं माझ्यासमोरून शिकून वर गेली. माझा एक कान प्रेमापोटी तुटला, तो पुन्हा शिवला गेला. खरकट्या हातांनी माझं पोट काळवंडलं. मी वर्गाचा लाडका होतो, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

मग एका हिवाळ्यात बाईंचा हात हलका होत गेला. बोट मानेपर्यंत यायचं, पण मान वळवताना थरथरायचं. मुलांना वाटलं, अस्वलोबाला थंडी वाजते. एका मुलीने आपला रुमाल माझ्या गळ्यात बांधला. त्यानंतर एके दिवशी बाई आल्या नाहीत, आणि मग कधीच आल्या नाहीत. मी रुमाल बांधून फळीवर बसून राहिलो.

बदली शिक्षिका आल्या, गेल्या. माझ्यावर धूळ बसली. रुमालाचा रंग उडाला.

ज्या दिवशी कोणीतरी मला फळीवरून उचललं, त्या दिवशी मी तो हात ओळखला नाही. बटणं निवडणारी ती लहान मुलगी आता मोठी झाली होती आणि आईच्याच वर्गावर शिक्षिका म्हणून रुजू झाली होती. मुलं तिला ताई म्हणू लागली. तिने माझी धूळ झटकली आणि हात आत घातला. बाईंच्या बोटाने माझ्या डोक्यातल्या कापसात वर्षानुवर्षं एक खळगा केला होता. ताईचं बोट त्या खळग्यात जाऊन बसलं आणि बराच वेळ हललं नाही.  

ताईने खेळ पुन्हा सुरू केला. आवाज छान, चुका झकास, मुलं खूष. पण एक गोष्ट मला खटकायची. ताई सारा वेळ माझ्याकडे पाहत राहायची. माझे टाके, माझा शिवलेला कान, माझे दोन रंगांचे डोळे. बाईंची नजर मुलांवर असायची, ताईची माझ्यावर. मला तिचं मन कळत होतं. पण मुलांचे चेहरे त्या काळात कोणी पाहत नव्हतं.

एक दिवस शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, वर्गात आल्या आणि दार लोटून घेतलं.

“हे बघ बाळा,” त्या ताईला म्हणाल्या, “तुझ्या आईला मी कधी काही बोलले नाही. मीच तिच्या हाताखाली शिकले, तर बोलू कुठल्या तोंडाने? पण पालक विचारतात, पोरं दिवसभर अस्वलाशी खेळतात, मग शिकतात कधी? आता वरून तपासणी येणार आहे. निकाल चांगला लागला तर चालू दे तुझा खेळ. नाही लागला, तर पुढच्या सत्रापासून इथे बाक येतील, अस्वल माळ्यावर जाईल आणि नापास झालेली मुलं आणखी एक वर्ष याच वर्गात बसतील.”

“मुलांना सगळं येतं, मोठ्या बाई.”

“येत असेल गं. पण विचारल्यावर यायला हवं ना!”

तपासणीला आले ते एक उंच, चष्मेवाले काका. माणूस सज्जन होता. आत येताना त्यांनी दाराबाहेरच्या लहान-लहान चपलांच्या रांगेला धक्का लागू दिला नाही. मुलांना एकेकटं तपासायचं म्हणून बाकीचा वर्ग ताईबरोबर अंगणात पाठवला. मग मुलांना बसायला त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं निळं स्टूल उचलून बरोबर खोलीच्या मधोमध ठेवलं.

फळीवरून मी पाहत होतो. अहो, ते तर चुकायचं स्टूल! 

पहिली आली भिंगरी. एका जागी कधी उभी राहत नाही म्हणून तिचं हे नाव. ती स्टुलावर बसली. काकांनी लाल चेंडू दाखवला आणि प्रेमाने म्हणाले, “हं, सांग बघू, कोणता रंग?”

भिंगरीने चेंडू पाहिला, आपल्या खालचं स्टूल पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“निळा!”

आणि ती वाट पाहत बसली. काकांनी नोंद केली आणि पुढचा प्रश्न विचारला. “खडू किती आहेत, सांग बघू?” खडू तीन होते.

“नऊशे!”

तिच्यानंतर पोपट आला, अखंड बडबडणारा. “सांग बघू, मांजर कसं ओरडतं?” “भों भों!” काकांनी पुन्हा नोंद केली. पोपटाला त्यांची दया आली असावी. तो पुढे वाकून म्हणाला, “काका, नीट ऐका हं. भोंऽ भोंऽ!” काकांनी उसासा टाकला.

एकामागून एक मुलं आली, स्टुलावर बसली आणि जीव तोडून चुकली. हत्ती मुंगीपेक्षा लहान झाला. सूर्य रात्री उगवला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ‘अहो काका, हा खेळ आहे!’ पण आत हात नसेल तर अस्वलोबा म्हणजे नुसती कापडाची पिशवी.

सगळ्यात शेवटी आली मुंगी. वर्गातली सर्वांत शांत मुलगी. तिने माझी चूक एकदाही पकडली नव्हती, त्यामुळे स्टुलावर बसायची तिची ही पहिलीच वेळ. तिने चेंडू लाल सांगितला. चित्रातलं झाड, घर, छत्री ओळखली. मग काकांनी लिहिता लिहिता, खाली मान घालून काही तोंडी प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं तिने भलतीच दिली.

निकाल मोठ्या बाईंनी दारातच ऐकला आणि त्यांचा चेहरा पडला. “वर्गाच्या वर्ग शून्य! काय ती एकटी मुंगी पास. अगं, सगळं येतं म्हणालीस ना?”

ताई अंगणातून दाराशी येऊन उभी होती. काका चष्मा पुसत होते. “इतक्या वर्षांत असा वर्ग पाहिला नाही,” ते पुटपुटले.

एवढ्यात मुलं आत घुसली आणि भिंगरीने ताईचा हात ओढला.

“ताई, हे काका ना, एकदम कच्चे आहेत! एक पण चूक पकडता आली नाही त्यांना!”

“मी मांजराला भुंकायला लावलं, तरी नाही!” पोपट म्हणाला. “पण मी बाद नाही झालो हां. एकसुद्धा उत्तर बरोबर दिलं नाही!”

 ताई त्यांच्यासमोर चटईवर बसली. “तुम्ही... मुद्दाम चुकलात?”

“स्टुलावर बसलं की चुकायचंच असतं ना!” भिंगरीला ताईच्या अज्ञानाचं नवल वाटलं. “असं काय करतेस ताई, तुला माहीत नाही?”

काकांनी खेळ समजावून घेतला. मग ते आधी गालात हसले, मग खांदे हलवत हसले, आणि शेवटी चष्मा काढून डोळे पुसू लागले. “मोठ्या बाई, ज्या मुलाला काहीच येत नाही, त्याचंही एखादं उत्तर अंदाजाने बरोबर येतंच. यांचं एकही आलं नाही! इतकं बिनचूक चुकायचं म्हणजे सगळं यावं लागतं.”

“म्हणजे काय, शून्याला शंभर धरायचं?” मोठ्या बाई काही पाघळल्या नाहीत. “पालकांना मी काय तोंड दाखवू?”

“तसं कसं धरता येईल? मला डोळ्यांनी पाहू दे. ताई, काढा तुमचं अस्वल.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा ती. ताईने मला हातात घातलं. काका गुडघे छातीशी घेऊन मुलांमध्येच चटईवर बसले. मी बाहुल्या मांडल्या, कप मांडले आणि ठरल्याप्रमाणे चुकलो. वर्ग उसळला.

“छान,” काका म्हणाले. “पण आधी कोण बोललं? आणि मोजून कोण बोललं?”

 ताईला ते सांगता आलं नाही. ती नेहमीसारखी माझ्याकडेच पाहत होती.

क्षणभर तिचं बोट त्या खळग्यात घट्ट रुतलं. मग तिने श्वास घेतला, माझ्यावरची नजर काढली आणि मुलांकडे वळवली. मला तेव्हा असं वाटलं, कोणीतरी खोलीची खिडकी उघडली आहे.

मी रंग चुकलो, वार चुकलो, बदकाला घराआधी झोपवलं. आणि ताई मध्येमध्ये हलक्या आवाजात काकांना सांगू लागली: “भिंगरी न मोजता सांगते, बघितल्या बघितल्या. पोपट मोजतो, पण घाईत एक गाळतो. त्या कोपऱ्यातल्याला गोष्टीचा क्रम पक्का कळतो, फक्त तो आधी शेजाऱ्याला सांगतो.” काका मान डोलवत होते. मोठ्या बाई दार सोडून आत आल्या, मग खुर्चीवर टेकल्या.

आणि ताई मध्येच थांबली. मुंगी हसत होती, पण सगळे हसल्यानंतर. प्रत्येक वेळी जरा उशिरा. तिची नजर माझ्यावर नव्हतीच. ती ताईच्या ओठांवर होती.

ताईने मला वर उचललं आणि आपलं तोंड माझ्यामागे लपवलं. “मासे झाडावर राहतात,” मी म्हणालो. सगळे ओरडले. मुंगीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग हसली. ताई उठून कपाटाच्या दारामागे गेली आणि तिथून मी हाक मारली, “मुंगीऽ, ए मुंगी!” सगळ्या माना वळल्या. एक वळली नाही.

काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला होता. “पाहून सांगायचं ते सगळं बरोबर होतं तिचं. ऐकून सांगायचं ते सगळं चूक. आणि मी मनात म्हटलं, लक्ष देत नाही.”

“तिला ऐकू येत नाही,” ताई म्हणाली. “आणि इतके दिवस मी पाहिलं नाही.”

“आज पाहिलंस ना!” हे म्हणाल्या मोठ्या बाई. त्यांनी पदर नीट केला, घसा साफ केला आणि काकांना विचारलं, “मग काय ठरवलंत?”

“वर्ग पास. मी स्वतः पाहिलंय. आणि माझ्या स्टुलावरच्या तपासणीने जी मुलगी पहिली ठरवली होती, तिलाच मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे, हे या अस्वलाने दाखवलं. बाक बिक काही आणू नका इथे.”

माळ्यावर जायचं माझं असं टळलं. आपण कशासाठी ओरडतोय हे मुलांना नीटसं कळलं नव्हतं, पण ओरडायची संधी त्यांनी सोडली नाही.

मुंगीची आई आधी ऐकायलाच तयार नव्हती. “घरी तर माझं सगळं समजतं तिला!” समजत होतं, कारण आई समोर बसून बोलायची. डॉक्टरांनी तपासलं, आणि थोड्या दिवसांनी मुंगी दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं लावून वर्गात आली. पहिल्या दिवशी फळ्यावर खडू करकरला तशी ती दचकली. मग खुदकन हसून म्हणाली, “परत कर!” आणि पोपटाने खडू संपेपर्यंत केलं.

नंतर एका सकाळी ताईने मला तोंडापुढे धरून बदकाची गोष्ट सुरू केली. “बदकाने छप्पर घातलं,” मी अगदी हळू म्हणालो, “आणि मग भिंती बांधल्या.”

“खोटं!”

सगळ्यांच्या आधी आलेला तो आवाज कोणी ओळखला नाही. कारण इतका मोठा तो कोणी ऐकलाच नव्हता. मुंगी उभी होती, मुठी आवळून, तारस्वरात. “खोटं! छप्पर खाली पडेल ना, वेड्या! आधी भिंती!”

ताईने मला काढलं आणि मुंगीच्या हातात घातलं. ताईचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. मुंगी स्टुलावर बसली. तिचा हात इतका लहान की माझी मान एका बाजूला कलली. पण काय सांगू मित्रांनो, इतक्या रुबाबात मी कधीच चुकलो नव्हतो. तिने स्वतःचीच गोष्ट रचली. तिच्या बदकाला चार पाय होते, ते झाडावर अंडी घालायचं आणि पाण्यात बुडायचं. वर्ग चूक पकडायचं विसरून हसत सुटला.

गोंगाट ऐकून मोठ्या बाई आल्या. क्षणभर त्यांनी ऐकलं आणि त्यांना राहवलं नाही. “अगं, बदकाला चार पाय कुठे असतात!”

झालं! पकडली! मुंगी टुणकन उतरली, मला मोठ्या बाईंच्या हातात घातलं आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. मोठ्या बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने खांदे उडवले. नियम म्हणजे नियम. मोठ्या बाई त्या चिमुकल्या स्टुलावर जपून टेकल्या आणि आमच्या शाळेच्या इतिहासात पहिल्यांदाच मुख्याध्यापिकेने दोन आणि दोन सात सांगितले.

मित्रांनो, मी आता फार जुना झालो आहे. माझी शिवण उसवते, ती वेळेवर शिवा. मला उन्हात वाळवा, पण पिळू नका. आणि जे मला जपतात, त्यांनी मुलांनाही असंच जपावं. एखादं मूल गप्प बसलं, भलतंच बोललं, तर त्याच्या नावापुढे शून्य मांडण्याआधी त्याच्याजवळ चटईवर बसा. एक गोष्ट उलटी सांगा. जरा चुका. आणि चुकताना नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवा.

बाकी माझं छान चाललं आहे. उद्या नवी मुलं येणार आहेत, आणि ताईने ठरवलंय की मी त्यांना माझं स्वतःचं नावच चुकीचं सांगायचं.